आटणीचं बोट

माझ्या हातचा करदोडा तुटत नाही. ही बढाई नाही, भद्रकालीत कुणालाही विचारा. माणसं माझ्याकडून दोरा नेतात, वर्षभर त्यावर आंघोळी करतात, घाम गाळतात, वाकतात, निजतात. वर्षाने परत येतात तेव्हा रंग उडालेला असतो, पीळ मात्र जागच्या जागी असतो. आजवर तुटला तो एकच. तो माझ्या धाकट्या भावाच्या कमरेवर तुटला, भाऊबीजेला, भरल्या घरात.

आम्ही पटवेकरी. दागिने ओवायचे, मंगळसूत्रं गाठवायची, गोंडे करायचे आणि पुरुषांच्या कमरेचे करदोडे विणायचे. सोनाराने कितीही मिरवलं तरी त्याचा दागिना बाईच्या गळ्यात राहतो तो आमच्या दोऱ्यावर. बाबांनी मला हे काम शिकवलं. मी लग्न केलं नाही, दुकान केलं. खाली दुकान, वर मी.

करदोड्याचा एक नियम आहे. नवा बांधल्याशिवाय जुना सोडायचा नाही. पुरुषाची कंबर घटकाभरही मोकळी ठेवायची नाही. ती मोकळी होते एकदाच, सरणावर ठेवायच्या आधी. तेव्हा घरातलं कुणीतरी पुढे होतं आणि दोरा तोडतं. म्हणून जित्या माणसाचा करदोडा आपण होऊन तुटला तर आमच्यात बायका देव पाण्यात घालून बसतात. मी असलं काही मानत नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगते.

बाबांचा करदोडा भावाने तोडला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. बाबा म्हणजे पाप्याचं पितर. गालफडं बसलेली, मनगटात घड्याळ गरगर फिरायचं. पोट तेवढं जरा पुढे. त्याला ते ‘वारा धरलाय’ म्हणायचे आणि ओवा चघळायचे. एकदा नव्या चपलेने अंगठ्याला जखम झाली. हळद भरली, मलम लावलं, जखम भरेना. अंगठा काळा पडला, मग पाऊल. इस्पितळात नेल्यावर कळलं की रक्तात साखर आहे आणि ती काही कालची नाही. गल्लीतले लोक हसायचे, म्हणायचे, या काडीपैलवानाला कसली साखर, साखर ढेरपोट्यांना होते. डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय काढला. पायामागोमाग महिन्याभरात बाबाही गेले. एकावन्न वर्षांचे होते. तेव्हापासून मला जगात एकाच गोष्टीची भीती आहे. भावाचा पाय.

भाऊ आता सेहेचाळीसचा आहे. अगदी बाबांच्या अंगकाठीचा. पिंपळगावला एका शीतगृहात तो काट्यावर आहे. बाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांसाठी भुईकाटा, आत द्राक्षांच्या क्रेटसाठी छोटा काटा, दोन्ही त्याच्या ताब्यात. दिवसभर खुर्ची सोडायची नाही. ट्रॅक्टर आला की बटण दाबायचं, पावती फाडायची, आणि ज्याची पावती तो चहा पाजतो. दिवसाला किती चहा होतात रे, विचारलं तर हसतो. द्राक्षाचा हंगाम सुरू होताना छोटा काटा तपासून झाला की त्यावर पहिलं वजन तो स्वतःचं करतो आणि केबिनच्या भिंतीवर खडूने लिहितो. एकसष्ट. पुढच्या साली एकसष्ट. त्याच्या पुढच्या साली एकसष्ट. त्या भिंतीचा त्याला फार अभिमान. बरोबरीचे सगळे फुगले, हा तसाच राहिला, म्हणून सगळे त्याला विचारायचे, गड्या खातोस तरी काय.

भाऊबीजेला बहीण भावाला काहीबाही देते, मी करदोडा देते. आमच्या घरची ती रीतच आहे. सकाळी मी सिडकोत त्याच्या घरी जाते, त्याला पाटावर बसवून डोक्याला तेल घालते, मानेला पाठीला उटणं लावते. मग तो न्हाणीत जातो, आंघोळ करतो, नवा दोरा बांधतो आणि जुना सोडून बाहेर आणून देतो. तो मी येताना गंगेत सोडते, आमच्या गावात नदीला गंगाच म्हणतात. मग ओवाळणं.

आता बोटाचं सांगते. कच्चं सूत पाण्याने आटतं. म्हणून करदोडा मापापेक्षा बोटभर जास्त विणायचा. बाबा त्याला आटणीचं बोट म्हणायचे. माप तोंडाने उच्चारायचं नाही, नजर लागते. कामाच्या पाटाच्या कडेला खिळ्याने खाच पाडायची, झालं. भावाची पहिली खाच मी त्याच्या लग्नात पाडली. बरीच वर्षं तेवढा दोरा त्याला पुरला. मग एका दिवाळीला तो म्हणाला, “ताई, गेल्या वेळचा आटला गं. रुततोय.”

मला राग आला तो सुताचा. मी गेल्या सालच्या खाचेपुढे एक बोट धरलं, नवी खाच पाडली आणि विणायला बसले. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. आटला गं. पुन्हा एक बोट. असं दहा वर्षं चाललं. या दहा वर्षांत मी तीन सूतवाले बदलले. एकाला तर भर दुकानात म्हटलं की तुझं सूत म्हणजे तुझ्या जिभेसारखं, पाणी लागलं की फिरतं. तो बिचारा रिळं उचलून घेऊन गेला. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

भावाच्या पोटाकडे माझं लक्ष नव्हतं असं नाही. बनियनवर बसला की हातपाय काड्या आणि मधे मडकं. मी चिडवायची, “कितवा महिना रे?” तो म्हणायचा, “गॅस आहे ताई.” भावजय म्हणायची, “एवढंसं तर आहे, चाळिशी उलटल्यावर असायचंच.” मीही तेच म्हणायची. आमच्या घरात जाड कुणी नाही, ही आम्हा सगळ्यांची घमेंड.

गेल्याच्या गेल्या दिवाळीआधी मी तिसऱ्या सूतवाल्याशी भांडायला गेले. म्हातारा माणूस, शांत. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, रीळ काढलं, मापाच्या गजाला लावून दोरा कापला आणि माझ्यादेखत बादलीत बुडवला. “बसा ताई, चहा घ्या.” चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग त्याने दोरा पिळला, पंख्याखाली वाळवला आणि पुन्हा गजाला लावला. तिळभरही कमी झाला नव्हता.

“यात नायलॉन आहे ताई,” तो म्हणाला. “नुसतं सूत हल्ली आणतं कोण? आटायचे दिवस गेले. दहा-बारा वर्षं होऊन गेली.” मग दोरा माझ्या हातात देत म्हणाला, “दोरा नसेल आटला. माणूस वाढला असेल.”

मी तो बोटांत फिरवून बघितला. चाळीस वर्षं दोरा हातात धरणाऱ्या बाईला नायलॉन कळू नये? हाताला कळलं होतं. चकाकी जास्त आहे, घसरतो छान, म्हणून मी खूशच होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि आटल्याची तक्रार भावाचीच होती असंही नाही. आणखी दोघातिघांची होती. त्यांनाही मी दरवर्षी बोट वाढवून दिलं. ती माणसं आता कुठे आहेत, कशी आहेत, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

दुकानात आले, पाटावरची सगळी रिळं खाली उतरवली आणि पाट उजेडात धरला. मी नेहमी शेवटची खाच तेवढी बघायची, बाकीच्या रिळांखाली असायच्या. आता सगळ्या एका नजरेत दिसल्या. लग्नातल्या खाचेपुढे दहा खाचा, बोट बोट अंतरावर, पुढे पुढे सरकत गेलेल्या. त्यांच्या वाटेत एक जुनी खोल खाच होती, तेलाने काळी पडलेली. ती बाबांची. शेवटच्या साली त्यांनी स्वतःच्या करदोड्यासाठी पाडलेली. तेव्हा तेही म्हणाले होते, “आटतो मेला.” मी तिथेच होते, त्यांना सूत धरून देत होते.

भावाच्या शेवटच्या दोन खाचा बाबांच्या खाचेपुढे गेल्या होत्या. मी पाट उलटा करून ठेवला. मग पुन्हा सुलटा केला.

त्याच आठवड्यात आमच्या मागच्या गल्लीतली डॉक्टरीण मंगळसूत्र गाठवायला आली. तरुण आहे, पण तोलूनमापून बोलते. मी मणी ओवता ओवता विचारलं, “डॉक्टर, वजन वाढत नाही आणि कंबर वाढते, असं असतं का हो?”

“कुणाची?”

“भावाची. वजन एकसष्टच्या पुढे जात नाही. वीस वर्षं.”

“आणि कंबर?”

मी पाट उचलून तिच्यापुढे ठेवला आणि खाचांची हकिकत सांगितली. तिने पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाली, “वजन तेवढंच राहिलं आणि कंबर वाढली, म्हणजे हातापायांचं मांस झिजलं आणि पोटात चरबी आली. वरची नाही, आतली. यकृताभोवती साठते ती. काट्याला काय, तो मांसही मोजतो आणि चरबीही, त्याला फरक कळत नाही.”

“म्हणजे साखर?”

“लगेच नाही. साखर आवरायला शरीर इन्शुलिन तयार करतं. अशा माणसात ते भरपूर तयार होतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. मग आणखी तयार होतं. तोवर साखरेचा रिपोर्टही बरा दिसतो. आतून मात्र मरमर चाललेली असते. पुढे एक दिवस ते थकतं. आपल्याकडे बारीक माणसांत हे खूप बघते मी, आणि ती माणसंच उशिरा येतात. बारीक आहे म्हणून कुणाला संशयच येत नाही.” तिने माझ्या पुढ्यातलं रीळ उचललं. “त्याची उंची ठाऊक आहे?”

आहे की. दुकानाच्या चौकटीला त्याचं डोकं बरोबर टेकतं. चौकटीएवढा दोरा कापला. तिने तो दुमडून निम्मा केला. “आता हा निम्मा दोरा कमरेभोवती पुरायला हवा. पुरला नाही तर समजायचं की दारावर थाप पडली. हा निकाल नाही मावशी, निकाल रक्त तपासल्यावर. पण थाप पडली की दार उघडून बघावं.”

मी निम्मा दोरा पाटावर पसरला. भावाच्या शेवटच्या खाचेला पोचायला पाच बोटं कमी पडली. मी पुन्हा ताणून लावला. पाचच.

“मानेवर काळेपणा आहे का?” तिने विचारलं. “मागच्या बाजूला? जाडसर, मखमलीसारखा, घासून न जाणारा?”

दहा भाऊबिजा मी त्या मानेला उटणं घासत होते. मळ समजून. “आंघोळ करतोस की नुसता ओला होतोस रे,” म्हणत इतकी घासायची की तो कळवळायचा. मान लाल व्हायची आणि लाली ओसरली की काळी ती काळीच.

त्याच संध्याकाळी मी सिडकोत गेले. भाऊ नुकताच पिंपळगावहून आला होता, सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता. भावजयीने शंकरपाळ्यांचा पहिला घाणा काढला होता, ताटली भरून त्याच्यापुढे ठेवली होती. मी सगळं सांगितलं. सूतवाला, बादली, खाचा, डॉक्टरीण. मी सांगत होते आणि तो एकेक शंकरपाळी तोंडात टाकत होता.

“ताई, एकसष्ट,” तो म्हणाला. “काटा खोटं बोलत नाही.”

“आणि दोरा बोलतो?”

“तुझा दोरा आटतो.”

भावजय आतून हात पुसत आली. एरवी माझ्याशी अदबीने बोलणारी बाई. “वन्सं, आधीच ह्यांच्या अंगाला काही लागत नाही. लोक मलाच नावं ठेवतात, नवऱ्याला खायला घालत नाही म्हणून. त्यात तुम्ही साखर साखर करून नजर लावू नका. दिवाळी तोंडावर आलीय.”

मी तिला काहीतरी लागट बोलणार होते, तेवढ्यात माझं लक्ष भावाच्या पायाकडे गेलं. एका पायात मोजा होता. घरात, पंखा चालू असताना, एकाच पायात.

“मोजा का रे?”

“काही नाही. टाच उललीय.”

“कधीपासून?”

“झाले पंधरा-वीस दिवस. भरतेय हळूहळू.”

मी म्हटलं, काढ बघू मोजा. त्याने पाय सोफ्याखाली घेतला. भावजय पुन्हा आत गेली तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, “बाबांना तपासायला नेलं नसतं तर त्यांचा पाय राहिला असता. नेलं आणि सगळं सुरू झालं. तू मला तिकडे नेऊ नकोस.” तेव्हा मला कळलं की त्याचा काट्यावर विश्वास वगैरे काही नव्हता. तो घाबरला होता. एकोणीस वर्षांचा असताना त्याने तो दोरा तोडला, आणि मला वाटत होतं की तो ते विसरला.

येताना रिक्षात मला रडू आलं, आणि रागही आला. समजावून हा ऐकणार नाही. भांडून तर नाहीच. त्याच्या मनात भीती बसली होती, आणि ती उपटायची तर तिच्याहून मोठी भीती हवी होती. ती माझ्या हातात होती.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भाऊबीजेसाठी मी दोन करदोडे विणले. दोन्ही लाल-काळे, पाच पेडी, दिसायला जुळे. एक नेहमीसारखा. दुसऱ्यात मी पाचातले चार पेड मधोमध कापले, टोकं आत दडपली आणि वरून एकाच पेडाने अशी वीण घातली की मलाच जागा सापडेना. लांबी गेल्या सालची ठेवली. बोट वाढवलं नाही. बाबा असते तर त्यांनी माझ्या हातातून पाट काढून घेतला असता. माणसाच्या कमरेचा दोरा तुटावा म्हणून विणायचा, याहून मोठं पाप आमच्या धंद्यात नाही.

भाऊबीजेला सकाळी त्याला पाटावर बसवलं. डोक्याला तेल घातलं. मानेला उटणं लावलं, पण घासलं नाही, नुसतं बोटांनी चाचपलं. खरंच मखमलीसारखी होती. तो म्हणाला, “आज प्रेम उतू चाललंय.” त्याच्या हातात दोरा दिला तेव्हा मला वाटलं, परत मागावा. तो न्हाणीत गेला. बाहेर आला तेव्हा नेहमीसारखा जुना दोरा माझ्या हातात देत म्हणाला, “यंदाचा तर आधीच आटलाय. श्वास धरून बांधला.”

भावजयीने पाटाभोवती रांगोळी काढली होती, ताम्हनात निरांजन लावलं होतं. शेजारच्या दोघी बायका कौतुकाने बघायला आल्या होत्या. भाऊ टोपी घालून आला आणि पाटावर बसायला वाकला. अर्ध्यात थांबला. चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं, पण डोळे बदलले. त्याचा हात सदऱ्याखाली गेला आणि त्याने बाहेर काढला तेव्हा मुठीत लाल-काळा दोरा लोंबत होता.

“ताई,” तो एवढंच म्हणाला.

शेजारची बाई ‘अगं बाई’ म्हणाली आणि तिने तोंडावर पदर घेतला. भावजयीच्या हातातलं ताम्हन कलंडलं, तेल रांगोळीवर सांडलं. भाऊ उभाच. जुना सोडलेला, नवा तुटलेला, कंबर मोकळी. मी त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं की मी काय करून बसले आहे. त्याच्या जिवावरचं काही टाळायला गेले आणि त्याला जित्यापणी मरण दाखवलं.

दुसरा दोरा माझ्या पिशवीत तयार होता. मी त्याला न्हाणीत ओढत नेलं आणि माझ्या हाताने तो त्याच्या कमरेला बांधला. कित्येक वर्षांत मी त्याच्या कमरेभोवती हात घातला नव्हता. मऊ नव्हती, टणक होती, हवा भरल्यासारखी. खाली पाय मात्र बाबांचे होते. टाचेला भेग होती, तिच्या कडा पांढऱ्या पडलेल्या.

“उद्या सकाळी,” मी म्हटलं. “उपाशीपोटी.”

तो हो म्हणाला. लहान असताना म्हणायचा तसा.

रिपोर्ट तसाच आला जसा डॉक्टरणीने सांगितला होता. साखर उंबऱ्यावर उभी, आत आलेली नाही. इन्शुलिन भलतंच वर. यकृतावर चरबी. तिने टाच तपासली, पायाच्या तळव्यांना कापूस लावून कळतंय का विचारलं. कळत होतं. “वेळेवर आलात,” ती म्हणाली. “आणखी तीन-चार वर्षं तुम्ही काट्यावरच उभे राहिला असता, तर मला हे म्हणता आलं नसतं.” भावजय तिथेच ढसाढसा रडली. मी रडले नाही. मी दुकानात आले आणि तुटलेला दोरा गंगेत सोडायचा की जाळायचा, याचा विचार करत बसले. शेवटी पाटाखाली ठेवून दिला. अजून तिथेच आहे.

वर्षभर भावाने सांगितलं ते सगळं केलं. पावतीमागचा चहा बंद. ट्रॅक्टर नसेल तेव्हा शीतगृहाच्या आवारात फेऱ्या. घरी दोन वाट्या उसळ, भाताचा डोंगर गेला. डॉक्टरणीने हातापायांचे व्यायाम दिले, ते तो रिकामे क्रेट उचलून करतो. टाच भरली. द्राक्षाच्या हंगामात त्याने भिंतीवर पुन्हा एकसष्ट लिहिलं आणि माझ्याकडे येऊन हसत म्हणाला, “ताई, काटा ढिम्म आहे.” पण कंबर तीन बोटं उतरली होती. पाटावर खाच मागे पाडायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

एक गोष्ट मात्र माझ्या अंगाशी आली. तो दोरा बाबांनी तोडला, असं भावाने मनाशी ठरवून टाकलं. येईल त्याला सांगतो. “माझ्या ताईच्या हातचा दोरा कधी तुटत नाही. तो तुटला, म्हणजे बाबांनीच हात घातला.” बाबांच्या तसबिरीला आता रोज हार असतो. मी गप्प बसते. खरं सांगितलं तर तो पुन्हा काट्यावर जाऊन उभा राहील, अशी भीती वाटते. आणि आणखी एक भीती आहे, ती याहून वाईट. अपशकुन खोटा केला म्हणून तो खोटाच राहतो का? खोटा दोरा विणला मी. मग त्याचं फळ कुणाच्या कमरेला लागायचं?

गेल्या भाऊबीजेला तो माझ्याकडे आला. म्हणाला, दरवर्षी तू येतेस, यंदा मी. भावजय आली नाही, तिचा भाऊ आला होता. मी त्याला दुकानातच बसवलं, तेल लावलं. मान पुष्कळ निवळली होती. नवा करदोडा त्याने सहज बांधला, श्वास न धरता. ओवाळून झालं, मी त्याला उसळ आणि एकच करंजी दिली. त्याने करंजी अर्धी खाल्ली आणि हात धुऊन पाटाजवळ बसला. रीळ उचललं.

“ऊठ ताई. त्या चौकटीला टेकून उभी राहा.”

“मला कशाला?”

“ऊठ म्हणतो ना.”

मी हसले. म्हटलं, वेडा आहेस का, माझं वजन तुझ्याहून कमी आहे, सगळी गल्ली मला काडी म्हणते. त्याने ऐकलं नाही. डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा लावला, कापला, दुमडून निम्मा केला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कमरा मोजल्या आणि माझी कधीच नाही. बायकांना करदोडा नसतो. परकराला नाडी असते. नाडी आखूड पडत नाही, रुतत नाही, तक्रार करत नाही. रोज सकाळी हाताला येईल तिथे गाठ मारायची आणि कामाला लागायचं.

त्याने तो दुमडलेला दोरा माझ्या कमरेभोवती घातला. एका बाजूने टोक आलं, दुसऱ्या बाजूने आलं. तो खाली वाकला आणि मधल्या अंतरात बोटं धरून बघू लागला. मी वरून त्याची बोटं मोजली. एक, दोन, तीन, चार.

“दोरा आटला असेल,” मी म्हटलं.